मांजरीच्या तोंडून सुटलेला उंदीर: पहिल्या तासापासून सोडून देईपर्यंत

चिंगीनं पहिला उंदीर जिवंत घरात आणला तो भातकापणीच्या दिवसांत. आमचं घर मावळात, कुंपणाच्या भिंतीपलीकडे भातखाचरं. भात कापलं की बांधातल्या बिळांतले उंदीर उघड्यावर पडतात आणि चिंगीला रोजची मेजवानी होते. तो उंदीर मी तिच्या तोंडून सोडवला, सगळीकडून न्याहाळला. रक्ताचा थेंबही नव्हता. बुटाच्या खोक्यात ठेवला, चार दाणे घातले. रात्रभर त्याची खुडबुड ऐकू येत होती, म्हणून मी निर्धास्त झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंग फुगवून कोपऱ्यात बसला आणि दिवेलागणीपर्यंत गेला. पुरण्याआधी केस ओले करून पाहिले, तेव्हा डाव्या बगलेत टाचणीनं टोचल्यासारख्या दोन खुणा सापडल्या.

मांजराचा सुळा बारीक आणि लांब असतो. त्याचं भोक उंदराला क्वचितच मारतं, पण त्या भोकातून आत गेलेले जंतू हमखास मारतात. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जंतू नेहमीच राहतो. मांजराला त्याचा त्रास नसतो. उंदराच्या कातडीखाली तो शिरला की वरची कातडी काही तासांत मिटते, आत पू धरतो आणि एक-दोन दिवसांत विष रक्तात पसरतं. म्हणून मांजराच्या तोंडातून आलेला उंदीर कितीही ठणठणीत दिसला, तरी 'चावा बसलेलाच आहे' असं धरून चालायचं आणि शक्यतो १२ तासांच्या आत त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडून प्रतिजैविक मिळेल असं बघायचं. लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल.

तोंडातून सोडवताना

उंदीर मांजरीच्या तोंडात असताना तो ओढू नका. ओढलं की ती दात आणखी आवळते, आणि आतापर्यंत नुसता धरलेला उंदीर चिरडला जातो. तिच्यामागे धावलात तर ती पलंगाखाली जाईल. खोलीचं दार लावा, आवाज न करता खाली बसा आणि तिच्या नाकासमोर उंदराहून जास्त मोहाचं काहीतरी धरा. आमच्याकडे सुकटीचा डबा उघडल्याचा आवाज पुरतो. खाण्यासाठी तोंड उघडावंच लागतं. उंदीर जमिनीवर पडला की लगेच त्याच्यावर पातेलं किंवा मोठी वाटी पालथी घाला. आता घाई संपली. मांजरीला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा, मग पातेल्याखालून पातळ पुठ्ठा सरकवा आणि सगळं तसंच उचला.

हातात धरायची वेळ आली तर आधी रबरी हातमोजे घाला आणि वर जुना नॅपकिन घ्या. भेदरलेला उंदीर चावतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. नॅपकिन त्याच्यावर टाकून ओंजळीत सैल घ्या. शेपटीचं टोक धरून उचलू नका. तिथली कातडी सोलून निघते आणि उघडी पडलेली शेपटी नंतर सडते.

एवढ्यात तुम्हाला चावा किंवा ओरखडा बसला, मग तो उंदराचा असो की मांजरीचा, तर उंदीर डब्यात ठेवून आधी स्वतःकडे बघा. जखम साबणानं, वाहत्या नळाखाली १५ मिनिटं घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उंदराच्या चाव्यातून रेबीज होण्याची शक्यता अगदी नगण्य मानतात. मांजरीच्या बाबतीत तसं नाही, तिचं लसीकरण झालेलं नसेल तर ती शक्यता नगण्य मुळीच मानू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का, तेही डॉक्टरच ठरवतील.

पहिला तास: काहीही करू नका

हा सगळ्यात अवघड भाग, कारण हात शिवशिवतात. पाणी पाजावं, कुरवाळावं, सारखं झाकण उघडून बघावं असं वाटतं. पण उंदराच्या बाजूनं विचार करा. त्याच्या शेकडो पट वजनाच्या प्राण्यानं त्याला उचललंय. त्याचं हृदय एरवीच मिनिटाला ५०० ते ७०० ठोके देतं. भीतीनं पाचावर धारण बसलेला हा जीव धक्क्यानंच मरू शकतो. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: अंधार, शांतता आणि ऊब.

डबा असा निवडा. बुटाचं खोकं पहिल्या अर्ध्या तासापुरतं ठीक, पण रात्रीत ते कुरतडलं जातं. गुळगुळीत भिंतींचा, निदान ४० सेंटिमीटर उंच प्लॅस्टिकचा टब किंवा जुनी खोल बादली उत्तम. उंदीर उभ्यानं एक फूट सहज उडी मारतो. वरून खिडकीला लावतात ती बारीक लोखंडी जाळी घट्ट बांधा. नायलॉनची जाळी तो कापतो. पेन्सिल जाईल एवढी फट म्हणजे त्याच्यासाठी दरवाजाच. तळाशी वर्तमानपत्र, त्यावर टिश्यूपेपरच्या हातानं फाडलेल्या पट्ट्यांचा भरपूर ढीग. कापूस, लोकर, सुती चिंध्या आणि दोरे घालू नका. त्यांचे धागे पायाभोवती गुंडाळले जातात आणि रक्त थांबून पाय काळा पडतो. लाकडाचा भुसाही नको, त्याची धूळ जखमेत आणि श्वासात जाते. आत एक लपायची जागा हवी. टॉयलेट पेपरचा पुठ्ठ्याचा रूळ किंवा एका बाजूनं कापलेली काडेपेटी पुरते.

ऊब डब्याच्या अर्ध्याच भागाला द्या, म्हणजे नको वाटलं की त्याला दुसरीकडे सरकता येईल. कोमट पाण्याची बाटली मोज्यात घालून डब्याच्या एका बाजूला बाहेरून टेकवली तरी भागतं. बाटली मनगटाला सुखद लागली पाहिजे, चटका बसता कामा नये. दोन-तीन तासांनी पाणी बदला, कारण थंड झालेली बाटली उलट त्याच्याच अंगातली ऊब ओढून घेते. बल्ब लावू नका, त्याला अंधार हवा आहे. हे झालं मावळातल्या थंडीचं. तुम्ही नागपुरात किंवा जळगावात असाल आणि एप्रिल-मे असेल तर ही सगळी कृती उलटी करायची. तेव्हा ऊब देऊ नका, घरातली सर्वांत गार, सावलीची खोली शोधा आणि डब्याच्या एका बाजूला बाहेरून ओलं फडकं लावा. उंदराला घाम येत नाही, आणि पस्तिशीच्या पुढचं तापमान त्याला सोसत नाही.

डबा मांजरीला वासही लागणार नाही अशा बंद खोलीत ठेवा. ती दाराबाहेर बसून ओरडत असेल तर तिला तिथूनही हलवा. तिचा वास आणि आवाज येत राहिला तर आतला प्राणी शांत होत नाही.

हा कोण आहे?

तासाभरानं जाळी थोडी सरकवून आधी ओळख पटवा. पुढचं खाणं आणि सोडायची जागा दोन्ही त्यावर ठरतं.

आमच्याकडे सापडतो तो बहुतेक वेळा शेतातला छोटा उंदीर, शास्त्रीय नाव मस बुडुगा. पाठ वाळूसारखी तपकिरी, पोट पांढरं, दोन्ही रंगांमधली रेघ स्पष्ट, वजन जेमतेम १० ग्रॅम. पावसाळा संपता संपता बांधात बिळं करून राहतो आणि घरात सहसा शिरत नाही. घरातला लहान उंदीर, म्हणजे मस मस्क्युलस, थोडा मोठा, १२ ते २५ ग्रॅमचा. रंगानं करडा, पोटही मळकटच, शेपटी शरीराएवढी लांब आणि अंगाला एक विशिष्ट उग्र वास. मोठ्या उंदराचं किंवा घुशीचं पिल्लू पहिल्या नजरेला यांच्यासारखंच दिसतं. त्याचे पाय पाहा. अंगाच्या मानानं मागचे पंजे आणि डोकं बोजड दिसलं, तर तो लहान जातीचा मोठा उंदीर नसून मोठ्या जातीचं पिल्लू आहे.

आणि चिचुंद्री. लांब निमुळतं हलणारं नाक, मोहरीएवढे डोळे, आखूड जाड शेपटी आणि कस्तुरीसारखा तीव्र दर्प. ती उंदीरच नव्हे. किडे खाणारा तो वेगळाच प्राणी आहे. त्या दर्पामुळे मांजरी तिला पकडतात पण सहसा खात नाहीत, म्हणून जखमी चिचुंद्री घरात सापडायची शक्यता बरीच. तिला बाजरी घालून बसलात तर ती उपाशी मरेल. तिला गांडुळं, झुरळं, नाकतोडे किंवा उकडलेल्या अंड्याचे नाहीतर बिनमिठाच्या शिजवलेल्या चिकनचे बारीक तुकडे हवेत, आणि तेही दर दोन-तीन तासांनी. ती इतक्या वेगानं जगते की काही तासांचा उपासही तिला झेपत नाही. जखमांची काळजी मात्र पुढे सांगते तशीच.

तपासणी

उंदराला पारदर्शक डब्यात किंवा मोठ्या काचेच्या बरणीत सरकवा, म्हणजे खालून पोटही दिसेल. ही युक्ती मला फार उशिरा सुचली. त्याआधी मी विनाकारण कितीतरी हाताळणी केली. दोन मिनिटं नुसतं बघा. चारही पाय टेकतोय का? मागचा भाग ओढत चाललाय का? मान एका बाजूला झुकली आहे का, गोल गोल फिरतोय का? तोंड उघडून श्वास घेतोय का, श्वासाला टकटक किंवा घुरघुर येते का?

मग नॅपकिनमध्ये सैल धरून केसांवर हळूच फुंकर मारा. केस दुभंगले की खालची गुलाबी कातडी दिसते. मानेमागे, खांद्यांवर, बगलांत, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि शेपटीच्या बुडाशी नीट पाहा. मांजर याच ठिकाणी धरते. केसांचा छोटा चिकटलेला झुपका दिसला की खाली भोक आहे असंच समजा. बोटाखाली पापडासारखं चुरचुरलं तर कातडीखाली हवा शिरली आहे. त्याला तातडीनं डॉक्टरांकडे न्या.

केसांत तांदळाच्या कणीसारखे पांढरे पिवळसर पुंजके दिसले तर ती माशीची अंडी. उकाड्यात उघड्या जखमेवर माशा काही तासांत अंडी घालतात आणि दिवस उलटायच्या आत अळ्या बाहेर पडतात. चिमट्यानं किंवा जुन्या टूथब्रशनं एक एक काढा, आळस करू नका.

उघडी जखम धुवायला औषधाच्या दुकानातली ०.९ टक्के मिठाची सलाईनची बाटली आणा. ती अंगाच्या उबेला आणा आणि सुई काढलेल्या सिरिंजनं थेंब थेंब सोडा. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पाण्यात मिसळून कोऱ्या चहाच्या रंगापर्यंत फिकं करा. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट नको, कारण उंदीर जखम चाटतो आणि ते सगळं पोटात जातं. हळदही दाबू नका. आपल्याकडे जखम दिसली की हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो, मीही तेच केलं होतं. पण टाचणीएवढ्या खोल भोकावर हळदीचा थर बसला की वरचं तोंड बंद होतं आणि आत जंतूंना मोकळं रान मिळतं. या भोकांमधून निचरा होत राहायला हवा. त्यावर पट्टीही बांधू नका.

त्याला सोसावं लागू नये म्हणून

काही उंदीर वाचणार नसतात, आणि ते लवकर ओळखणं हाही काळजीचाच भाग आहे. पोट फाटून आतडी बाहेर आली असतील, कणा मोडून मागचे दोन्ही पाय निर्जीव झाले असतील, छाती फुटून तोंडातून फेस येत असेल, तर त्याला पाणी पाजत ठेवण्यात दया नाही. डॉक्टरांकडे नेऊन वेदनारहित मृत्यू द्या. पाण्यात बुडवणं किंवा फ्रीजरमध्ये ठेवणं घरगुती सोपा उपाय म्हणून सांगितलं जातं. दोन्ही अत्यंत क्रूर आहेत. डॉक्टर त्या रात्री मिळतच नसतील तर त्याला अंधारात, उबेत, एकटं सोडा. तो सकाळपर्यंत बहुधा शांतपणे जाईल.

एखादा पाय लंगडणं, शेपटीचं टोक तुटणं, कान फाटणं, एक डोळा जाणं यातून मात्र उंदीर सावरतात. तुटलेली शेपटी पाहून आशा सोडू नका.

डॉक्टरांकडे

उंदीर बघायला बरेच दवाखाने तयार नसतात. एका ठिकाणी मला "घरात गोळी टाका की" असं उत्तर मिळालं होतं. मला राग आला, पण रागावून उपयोग नव्हता, कारण घड्याळ पुढे सरकत होतं. म्हणून निघण्याआधी फोन करा आणि नेमकं विचारा: "मांजरानं पकडलेला १० ग्रॅमचा उंदीर आहे, अँटिबायोटिक द्याल का?" शहरात हॅमस्टर, ससे किंवा पक्षी बघणारे डॉक्टर शोधा, त्यांना एवढ्या लहान देहाच्या मात्रांची सवय असते. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय प्राण्यांसाठी फार जुनं आहे. मांजरीनं आणलेला प्राणी खार, वटवाघूळ किंवा पक्षी निघाला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. ते वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतात आणि परस्पर घरी ठेवता येत नाहीत.

जाताना तीन गोष्टी लिहून न्या: सापडल्याची वेळ, दिसलेल्या जखमा आणि वजन. वजनासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. रिकामी डबी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि त्यात उंदीर सोडा. सगळा हिशेब या आकड्यावर आहे. ६० किलोचा माणूस १५ ग्रॅमच्या उंदराच्या ४,००० पट जड. घरातल्या उरलेल्या सिरपचा 'एक थेंब' म्हणजे त्याच्या दृष्टीनं किती, याचा अंदाज घरबसल्या लागत नाही. डॉक्टर औषध पातळ करून ०.०१ मिलिलिटरच्या खुणा असलेली इन्सुलिनची सिरिंज देतात, सुई काढून. किती द्यायचं ती रेघ पेनानं आखून घ्या. ससा किंवा गिनिपिगला घातक ठरणारं एखादं औषध उंदराला चालतं आणि उंदराला न चालणारं दुसऱ्याला चालतं, म्हणून दुसऱ्या प्राण्याची चिठ्ठी वापरू नका. वेदनेसाठी काय देता येईल ते आवर्जून विचारा. क्रोसिन वगैरे स्वतःच्या मनानं देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजरीला जीवघेणं आहे, त्याची गोळी घरात सांडलेली नसावी.

दोन दिवसांत तो उड्या मारू लागला तरी औषधाचे सगळे दिवस पूर्ण करा.

पाणी आणि दाणा

थंड पडलेल्या किंवा अर्धवट शुद्धीतल्या प्राण्याच्या तोंडात काहीही घालू नका. गिळता येत नाही आणि पाणी फुप्फुसात जातं. अंग उबदार झालं, डोळे उघडे, मिशा हलताहेत, मग ओठाच्या कडेला ओआरएसचा एक थेंब लावा आणि त्याला चाटू द्या. ओआरएस पाकिटावर लिहिलंय त्याच प्रमाणात करा, अंदाजे साखर-मीठ नको. तोंडात सिरिंज खुपसू नका. पिण्याचं पाणी बाटलीच्या झाकणात ठेवा आणि त्यात दोन-तीन स्वच्छ खडे टाका. अशक्त उंदीर उथळ पाण्यातही बुडतो. बरोबर काकडीची चकती ठेवा. काही उंदीर दोन दिवस झाकणाकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि सगळं पाणी काकडीतूनच घेतात.

उंदीर दिवसाला तीन ते पाच ग्रॅम खातो, म्हणजे साधारण चमचाभर. बाजरी, ज्वारी, नाचणी, भात, ओट्स, सोललेला शेंगदाणा, शिळ्या भाकरीचा तुकडा आणि रोज थोडं उकडलेलं अंडं. जखम भरायला प्रथिनं लागतात. फरसाण, चिवडा, चॉकलेट, कांदा-लसूण नको. दूधही नको. वाढ झालेल्या उंदराला ते पचत नाही आणि जुलाबानं तो आणखी वाळतो. शेतातल्या उंदरापुढे मी मूठभर कणसं देठासकट टाकते. ती सोलत बसायला त्याला आवडतं आणि दाताला कामही मिळतं.

पुढचे काही दिवस

दिवसातून दोनदाच डोकवा, औषधाच्या वेळेला. त्याच वेळी वजन, खाणं, लेंड्या बघून घ्या. घरातला निरोगी उंदीर दिवसाला ५० ते ७५ लेंड्या टाकतो. आकडा पाच-सातवर आला तर तो खात नाहीये, मग दाणे कितीही पसरलेले दिसोत. अंगावरचे केस फुलवून, पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून बसणं हे सर्वांत वाईट लक्षण. माझा पहिला उंदीर असाच बसला होता आणि मला वाटलं तो झोपलाय. असं दिसलं की सकाळची वाट पाहू नका, ऊब द्या आणि डॉक्टरांना फोन करा.

त्याच्याशी बोलू नका, नाव ठेवू नका, मुलांना दाखवायला बाहेर काढू नका. माझी भाची रोज विचारायची, "मावशी, आज तरी हात लावू?" आणि मला नाही म्हणावं लागायचं. माणसाची भीती राहणं हीच त्याची बाहेरची शिदोरी आहे.

साफसफाई करताना हातमोजे घाला. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येऊ शकतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईनं तो आजार पाहिला आहे, आणि कोकणात पावसाळ्यात तो नवा नाही. हाताला चीर असेल तर उघड्या हातानं कागद बदलू नका. सुकलेली घाण झाडूनं उडवू नका. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून दहा मिनिटांनी पुसून घ्या. हे काम उंदीर दुसऱ्या डब्यात असताना करा. फिनाईल वापरू नका, ते मांजरींना विषारी असतं. घरात कोणी गरोदर असेल तर तिनं या डब्यापासून पूर्ण लांब राहावं. उंदरापासून होणारे काही संसर्ग पोटातल्या बाळाला बाधतात. नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना 'उंदीर हाताळला होता' हे सांगायला विसरू नका.

विषाची शंका

चिंगी चपळ आहे, तरी धडधाकट उंदीर तिच्या हातून बऱ्याचदा निसटतो. एखादा उंदीर फारच सहज सापडला, भर दुपारी उघड्यावर झिंगल्यासारखा फिरत होता, तर त्यानं आधीच विष खाल्लेलं असू शकतं. शेतात झिंक फॉस्फाइड सर्रास वापरतात. त्यानं तोंडाला लसणासारखा वास येतो, त्यावर उतारा नाही, आणि तो वास मुद्दाम हुंगू नका. घरात वापरतात त्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठत नाही. नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं, पंजे पांढरट पडतात. यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, तो डॉक्टरच देतील. अशा वेळी जास्त काळजी मांजरीची घ्या. तिनं आधी एखादा उंदीर खाल्ला असेल तर तिच्या अंगात परिणाम दोन ते पाच दिवसांनी दिसतो, म्हणून ती ठीक दिसत असतानाच डॉक्टरांशी बोला. शेजारी कोण काय टाकतं ते विचारून ठेवा, पुड्याचा फोटो मिळाला तर उत्तम.

पिल्लू असेल तर

डोळे मिटलेलं पिल्लू मांजरीनं आणलं असेल तर स्पष्ट सांगते, फार थोडी वाचतात. वय असं ओळखा: गुलाबी, बिनकेसाचं म्हणजे चार-पाच दिवसांच्या आतलं. मखमलीसारखी लव आली आणि डोळे मिटलेले म्हणजे आठवडा ते दोन आठवडे. डोळे साधारण १४ व्या दिवशी उघडतात आणि तीन आठवड्यांचं पिल्लू दाणे खाऊन एकटं जगू शकतं. लव आलेलं, वळवळणारं पिल्लू असेल तर प्रयत्न करा. त्याला ३२ ते ३४ अंश ऊब सतत हवी. मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवा, ती मिळेपर्यंत शेळीचं दूध चालेल. चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश बुडवून ओठाला लावा, पिल्लू पोटावर, उताणं कधीच नाही. गुलाबी पिल्लाला दर दोन तासांनी, लव आलेल्याला दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी ओल्या कापसाच्या बोळ्यानं पोटाखाली हळू पुसा, आई चाटते तसं, त्याशिवाय लघवी होत नाही. नाकावर दुधाचा बुडबुडा आला की लगेच थांबा आणि डोकं खाली करून टिपून घ्या. पोट भरल्यावर पातळ कातडीतून डाव्या बाजूला दुधाचा पांढरा पट्टा दिसतो. तो दिसला की पुढचे दोन तास जरा निवांत.

सोडताना

औषध संपलेलं, जखमेवर कोरडी खपली, वजन सलग तीन दिवस स्थिर किंवा वाढतं, आणि झाकण सरकवताच तो विजेसारखा लपतो. चारही गोष्टी जमल्या की सोडायचा. माझा वाचलेला पहिला उंदीर सातव्या दिवशी गेला.

जागा सापडल्या ठिकाणापासून फार लांब नको. उंदराचं जग काही मीटरांचं असतं. त्यातलं बीळ, वाट, दाणा त्याला पाठ असतो. 'लांब डोंगरात सोडून आलो' याचा अर्थ बहुतेकदा 'अनोळखी जागी मरायला सोडला' असाच होतो. शेतातल्या उंदराला त्याच बांधाच्या दगडांत, गवताच्या गंजीजवळ किंवा करवंदीच्या जाळीत सोडा. मात्र कापून ठेवलेल्या भाताच्या उडव्यांजवळ किंवा कोणाच्या कणगीपाशी नाही. शेजाऱ्याच्या वर्षभराच्या धान्याची किंमत आपल्या दयेपायी त्यानं का मोजावी? घरातल्या उंदराचं कोडं जास्त अवघड, कारण तो माणसाच्या आधारानंच जगतो. मी त्याला परसातल्या लाकडांच्या ढिगात सोडते आणि सोडण्याआधी स्वयंपाकघराची भोकं तारेचा काथ्या कोंबून, वरून सिमेंटनं बुजवते. नुसतं सिमेंट तो ओलं असतानाच उकरतो.

वेळ संध्याकाळची, दिवस मावळता मावळता. मुसळधार पाऊस किंवा उन्हाचा तडाखा असेल तर एक-दोन दिवस थांबा. डबा आडवा करा, तोंड दगडांकडे, त्याचीच बिछान्याची मूठभर कागदं आणि दाणे कपारीत आधी ठेवा. मग मागे सरका आणि त्याला त्याच्या वेळेनं जाऊ द्या. कधी तो क्षणात जातो, कधी अर्धा तास नुसता हवा हुंगतो. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री मांजर घरात.

आणि मांजरीचं काय

तिला ओरडू नका, तिच्या रक्तातच आहे ते. पण शिकार कमी करता येते. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या मांजरांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. मांसाची प्रथिनं भरपूर असलेलं खाणं दिल्यावर घरी आणलेल्या शिकारी ३६ टक्क्यांनी घटल्या, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळल्यावर २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटीचा फरक मात्र दिसला नाही. चिंगी तोवर दूध-पोळीवर वाढत होती. आता तिला रोज मासळी किंवा चिकन मिळतं आणि दिवेलागणीला, ऐन शिकारीच्या वेळी, दोरीला बांधलेलं पीस मी तिच्यासमोर नाचवते. भातकापणीच्या पंधरा दिवसांत तिला संध्याकाळी सहा ते सकाळी सात घरातच ठेवते. पहिल्या तीन रात्री ती दार ओरबाडते, चौथ्या रात्री माझ्या पायाशी झोपते. रेबीजची लस दर वर्षी आणि जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, कारण उंदीर खाणाऱ्या मांजरीला जंत होतातच.

सलाईनची छोटी बाटली, दोन इन्सुलिन सिरिंज, हातमोजे, टिश्यूचं पाकीट आणि फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असा एक डबा मी आता फडताळात ठेवलाय. दसरा झाला की तो खाली काढते.